सासूला सांगायचं वजन

आत्याला शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या नर्सनं केसपेपरवर तिचं वजन लिहिलं पंचेचाळीस. मोजलं नाही काही नाही, नुसतं वरून खाली बघितलं आणि लिहिलं. आत्याच्या नाकात नळी होती तरी तिनं हात हलवून सांगायचा प्रयत्न केला की बाई असं नसतं. नर्सला वाटलं पेशंटला पाणी हवंय. पाणी दिलं. मग रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा निघालं. सहा म्हणजे किती वाईट हे आमच्या घरात कुणाला कळेना, कारण ज्या एका माणसाला ते कळलं असतं तेच माणूस पलंगावर होतं. एकोणीस वर्षं लोकांच्या सुनांच्या बोटाला सुई टोचून रक्त किती ते लिहीत फिरली, स्वतःचं बोट कधी पुढं केलं नाही. तिचा नंबरच लागत नव्हता ना. तिच्या संस्थेचा अभ्यास गरोदर बायांचा आणि तान्ह्या बाळांचा. आत्या दोन्हीत बसत नव्हती.

आता भेटायला येणारे म्हणतात, फार साधी होती हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे साफ खोटं आहे. आत्या एकोणीस वर्षं लोकांच्या अध्यात आणि मध्यातच होती, तिला पगार त्याचाच मिळायचा.

झालं असं की नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही, शिक्षण सातवी. त्याच वर्षी आमच्या वस्तीत एक मोठी संस्था आली. आया आणि बाळं काय खातात, किती वाढतात, का वाढत नाहीत, याचा शोध लावायला. बाळं का वाढत नाहीत हे नळावरच्या कुठल्याही बाईनं उभ्या उभ्या सांगितलं असतं, पण असं फुकटात कळलेलं कोणी पुस्तकात छापत नाही. म्हणून मोजायला माणसं हवी होती. आत्याला बोलावलं, एक वाळूची पिशवी दिली, म्हणाले हिचं वजन करा. आत्यानं तीनदा केलं, तिन्ही वेळा एकच आकडा सांगितला, म्हणून ती पास झाली. बाकीच्या बायांनी एकदाच केलं होतं.

तेव्हापासून खांद्याला काट्याची पिशवी आणि वस्तीत नाव पडलं काटेवाली. काटा म्हणजे बाळ झोपवायचा, पसरट ताटासारखा. बरोबर एक लाकडी पाटी, बाळाची लांबी मोजायला, तिला एका टोकाला उभी फळी आणि दुसऱ्या टोकाला सरकती. बाळाचं डोकं एका फळीला, पाय दुसऱ्या फळीला. बाळ तेवढ्यात सगळी वस्ती जागी करायचं. आत्या म्हणायची, रडतंय ना, मग छान, ताकद आहे.

माणसं तिला वजनावरूनच लक्षात राहायची. मिशी फुटलेला एखादा पोरगा रस्त्यात भेटला की सगळ्या मित्रांसमोर म्हणायची, तू होय रे, दोन किलो शंभर, आणि पहिल्या दिवशी दूध ओढत नव्हतास. पोरगा पुन्हा त्या रस्त्यानं यायचा नाही.

आणि प्रश्न. कालच्या दिवसभरात काय काय खाल्लं ते सुनेनं सांगायचं आणि आत्यानं लिहायचं. सासू समोर बसलेली. सून सांगायची, सकाळी दूध, मग एक अंडं, दुपारी पोटभर जेवण, वर फळ. सासू मान हलवायची. आत्या सगळं लिहून घ्यायची, मग म्हणायची, जरा चपला कुठं काढल्यात दाखवता का, आणि सुनेला दारापर्यंत घेऊन जायची. दारात सून हळूच म्हणायची, सगळ्यांचं झाल्यावर जे उरलं ते. आत्या आधीचं सगळं खोडायची आणि हे लिहायची. म्हणून तिच्या कागदांवर खाडाखोड फार. संस्थेतले म्हणायचे, या बाईचं अक्षर स्वच्छ नाही. ज्यांचे कागद स्वच्छ होते त्यांच्या भागातल्या सगळ्या सुना दूध आणि अंडी खात होत्या.

तर तिचा एक नियम होता. कागदाशी खोटं बोलायचं नाही. माणसांशी काय, प्रसंग बघून.

आता यातून एकाच बाळाची दोन वजनं कशी निघाली ते सांगायला हवं. फार आधीची गोष्ट, नोकरीला वर्ष झालं असेल. एका घरी बाळ मोजलं आणि मोठ्यानं सांगितलं, आधीच्या महिन्याइतकंच आहे, वाढलं नाही. झालं. सासूनं तिथल्या तिथं सुनेला धरलं. हिच्या अंगात दूधच नाही, हिच्या माहेरीच सगळी काडीसारखी, हिला खायला कशाला घालायचं, बाळाला तर लागत नाही. आत्या पुढच्या महिन्यात गेली तर बाळ तेवढंच आणि सून अर्धी. आत्याला तेव्हा कळलं की तिचा काटा बाळाला मोजतोच, वर सुनेचा निकाल पण लावतो. पुढच्या घरापासून तिनं सुरू केलं. जिथं सासू कडक, तिथं तोंडानं दोनशे ग्रॅम वाढवून सांगायचं. कागदावर खरं. दोनशेच का, तर शंभर सासूला कमी वाटतात आणि तीनशेला ती विश्वास ठेवत नाही. हा शोध आत्याचा स्वतःचा, कुठं छापून आला नाही.

अशी घरं बदलत जायची, शेवटी अकरा होती. कुठली ते फक्त तिच्या डोक्यात. आणि सुनेला ती बाहेर दारात खरं सांगायची, दवाखान्याची चिठ्ठी द्यायची, काय खायचं ते सांगायची. सतरा अठरा वर्षं हे बिनबोभाट चाललं. कुणाचं वाईट झालं नाही, उलट चार सुना सुखानं जेवल्या.

मग संस्थेला वाटलं कुटुंबाचा सहभाग हवा. संस्थेला दर चार वर्षांनी असं काहीतरी वाटायचं. सुपरवायझर होता एक, त्याला सगळे फाइलसाहेब म्हणायचे कारण तो जेवताना पण फाइल छातीशी धरायचा. त्यानं सगळ्या बायांना हॉलमध्ये बसवून दोन तास सांगितलं की आता प्रत्येक घरात एक रंगीत कार्ड भिंतीला लागणार. वर हिरवा पट्टा, मध्ये पिवळा, खाली लाल. दर महिन्याला बाळाच्या वजनाचा ठिपका कार्डावर द्यायचा आणि शेजारी आकडा लिहायचा. ठिपका लालमध्ये गेला की त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं. म्हणजे अडाणी घराला पण एका नजरेत कळेल. आत्यानं विचारलं, साहेब, घरातल्या कुणाला कळेल? तो म्हणाला, सगळ्यांना, तोच तर सहभाग.

तोंडचं बोललेलं हवेत जातं, भिंतीवरचं राहतं. पण अकरा घरांत आता एकदम दोनशे ग्रॅम कमी कसे करणार? सासवांनी सुनांना फाडून खाल्लं असतं. मग तिनं काय केलं, कार्डावर सासूचं वजन आणि फॉर्मवर खरं. तिला वाटलं, कार्ड म्हणजे काय कागद नव्हे, भिंतीवरचं चित्र. स्वतःच्या नियमातून सुटायला माणूस काय काय शोधतो.

त्या अकरांत एक घर होतं शिवणवालीचं. घरात मशीन, नवरा बाहेरगावी कामाला, आणि सासू. सासूचं नाव हेडमास्तरीण. शाळेची पायरी चढली नव्हती पण सगळ्या वस्तीची तपासणी तीच करायची. कुणाचे कपडे वाळले नाहीत, कुणाचं पोरगं उशिरा उठलं, सगळं. अक्षरं येत नव्हती, आकडे मात्र चोख यायचे, भाजीवाले तिला लांबून बघून गल्ली बदलायचे. अशा सासूला कार्ड म्हणजे काय, हातात छडीच दिली. रोज ठिपक्याकडे बघायची आणि सुनेला गुण द्यायची.

शिवणवालीला एक तान्ही मुलगी. आधीच बारीक. सहाव्या महिन्यात खरी पाच किलो दोनशे, कार्डावर पाच चारशे. सातव्या महिन्यात पोरगीला जुलाब झाले, आठ दिवस चालले. आत्या गेली तेव्हा पोरगी ताटात ठेवली तर रडली पण नाही. पाच किलो शंभर. आत्यानं फॉर्मवर लिहिलं पाच शंभर. मग कार्ड घेतलं आणि हात आपोआप गेला. पाच तीनशे. ठिपका बरोब्बर लाल रेषेच्या डोक्यावर, पिवळ्यात.

लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की काय केलं. हेडमास्तरीण समोरच बसली होती.

आत्यानं दवाखान्याची चिठ्ठी काढली. म्हणाली आजच न्या. हेडमास्तरणीनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, बोटानं ठिपका चाचपला. पिवळ्यात आहे की, म्हणाली, तूच सांगितलंस ना लाल झालं तर न्यायचं. आत्या म्हणाली, काठावर आहे हो मावशी, आणि पोरगी सुकलेली दिसतेय. हेडमास्तरीण म्हणाली, दात येताना सगळीच सुकतात. दवाखान्यात पंधरा दिवस ठेवून घेतात, आईला पण तिथंच बसवतात, लग्नाचे बारा ब्लाउज कोण शिवणार, तुझी संस्था? शिवणवाली मशीनवर मान खाली घालून बसली होती. तिनं आत्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात न्या म्हणून विनवणी होती, की उगाच विषय काढू नका असं होतं, हे आत्याला कळेना. शिवणवालीला खरं वजन माहीत होतं का? नव्हतं, त्या दिवशी दारात बोलायला सासूनं उठूच दिलं नाही.

आत्या घरी आली आणि जेवली नाही. आम्हाला वाटलं पित्त. दुसऱ्या दिवशी ती आडवळणानं फाइलसाहेबाकडे गेली. त्याला म्हणाली, एक बाळ लालमध्ये आहे, घरचे नेत नाहीत. तो म्हणाला चिठ्ठी दिली ना, रकान्यात टिक केली ना, मग आपलं काम झालं, पुढचं त्यांचं. मग आत्यानं विचारलं, आणि साहेब, समजा कार्डावरचा आकडा आणि फॉर्मवरचा आकडा वेगळा निघाला तर?

"कसा निघेल वेगळा?"

"समजा म्हटलं."

"समजा निघाला, तर लिहिणारी घरी. आणि मॅडम, एका बाईचा एक आकडा खोटा निघाला की तिचे सगळेच आकडे खोटे धरतात. एकोणीस वर्षांचे. मग मला वर तोंड दाखवायला जागा नाही."

मॅडम तो फक्त रागात म्हणायचा.

तर आता बघा काय पेच. सांगितलं तर नोकरी गेली आणि एकोणीस वर्षांचे कागद रद्दी. शिवाय बाकीच्या दहा सुना उघड्या. नाही सांगितलं तर पोरगी. आत्यानं एक अख्खा दिवस यावर घालवला, हे तिनं स्वतःच पुढं सांगितलं. लोक म्हणतात ती लगेच धावली. नाही धावली. एक दिवस तिनं कपाट आवरलं. आतले कपडे बाहेर काढले, परत आत ठेवले, परत बाहेर.

चौथ्या दिवशी सकाळी काटा खांद्याला अडकवून शिवणवालीच्या दारात. हेडमास्तरीण म्हणाली, आज कशी काय, महिना तर झाला नाही. आत्या चप्पल न काढता आत गेली आणि उभ्यानंच म्हणाली, "मावशी, कार्डावर मी खोटं लिहिलंय. पोरगी लालमध्ये आहे."

मशीन थांबलं.

हेडमास्तरीण शांतपणे म्हणाली, "म्हणजे तेव्हा खोटं बोललीस. मग आज खरं बोलतेस कशावरून?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर आला नव्हता. आत्यानं काटा खाली मांडला. पिशवीतून संस्थेचं एक किलोचं माप काढलं, काटा बरोबर आहे हे दाखवायला. हेडमास्तरीण म्हणाली, ते तुझं माप तुझ्याजवळ ठेव. आत गेली आणि साखरेचा न फोडलेला किलोचा पुडा घेऊन आली. ठेव यावर. आत्यानं ठेवला. एक किलो. तेवढ्यानं समाधान होईना, दुसरा डाळीचा आणला. एक किलो. दोन्ही एकदम ठेवले. दोन. मग म्हणाली, आता पोरगी ठेव, आणि तू लांब हो, आकडा मी वाचणार.

शिवणवालीनं पोरगी ताटात ठेवली. हेडमास्तरणीनं गुडघ्यावर हात टेकून वाकून वाचलं. चार किलो नऊशे. डोळे पुसले, परत वाचलं. चार नऊशे. तीन दिवसांत दोनशे ग्रॅम गेले होते, खरे.

सरळ होताना ती आत्याला म्हणाली, "हे किती जणींना केलंस?"

आत्यानं क्षणभर पण विचार केला नाही. "तुम्हाला एकटीला."

"आणि माझ्यातच काय पाहिलंस?"

"तुमचा आवाज," आत्या म्हणाली.

शिवणवालीच्या तोंडून हसू निसटलं, मग ती घाबरली, मग रडायला लागली. हेडमास्तरीण म्हणाली रडायला दवाखान्यात वेळ भरपूर आहे, आधी दुपटी घे. आणि स्वतः रिक्षा बघायला बाहेर गेली. लग्नाचे बारा ब्लाउज तसेच राहिले. ते लग्न जुन्या ब्लाउजात झालं, नवरी नांदते आहे.

दवाखान्यात सोळा दिवस ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून दोन दिवस उशीर केला असता तर आम्हाला हात लावायला पण काही राहिलं नसतं. हे आत्यासमोर म्हणाल्या. तिला कुणी दोष दिला नाही, कारण कुणी हिशोब मांडलाच नाही की तीन दिवस वाया कुणामुळे गेले. तिनं स्वतः मांडला होता. मरेपर्यंत ती ते तीन दिवस बोटांवर मोजायची, पहिला कार्डाचा, दुसरा फाइलसाहेबाचा, तिसरा कपाटाचा.

इथं गोष्ट संपली असती. हेडमास्तरीण कुणाकडे बोलणार नव्हती, तिला कुणी फसवलं ही गोष्ट ती कशी सांगेल? फाइलसाहेबाला काही कळलं नव्हतं. आत्यानं मुकाट्यानं कार्डं हळूहळू खरी करत आणली असती तर कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. आम्ही घरातल्या सगळ्यांनी तेच सांगितलं. पण फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो, शेरा. त्यात सगळ्या बाया लिहितात, काही नाही. आत्यानं लिहिलं, या घरी कार्डावर माझ्या हातानं दोनशे ग्रॅम जास्त लिहिले होते, म्हणून बाळ तीन दिवस उशिरा गेलं. खाली सही.

फाइलसाहेबानं तो शेरा वाचला तेव्हा म्हणे त्याच्या हातातून फाइल पडली. त्याला बाळापेक्षा शेऱ्याचा राग जास्त. म्हणाला, लिहायलाच कशाला हवं होतं, तुम्ही नुसतं काही नाही लिहिलं असतं तर मी वाचलं नसतं का? आत्या म्हणाली, साहेब, कागदावर खरंच लिहायचं ना, तुम्हीच शिकवलंत.

मग तपासणी आली. घरोघर कार्डं आणि फॉर्म जुळवून बघायला. बाकीच्या दहा घरांतल्या सासवांनी कार्डं भिंतीवरून काढून अभिमानानं हातात दिली. हेडमास्तरणीकडे गेले तर ती म्हणाली, कार्ड? पोरीनं खाल्लं. सातआठ महिन्यांच्या पोरीनं एवढं मोठं पुठ्ठ्याचं कार्ड कसं खाल्लं असं फाइलसाहेबानं विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच म्हणता ना पोरींना नीट खायला घाला.

फरक निघाला ती दहा कार्डं आणि दहा घरचे फॉर्म संस्थेच्या ऑफिसात गेले. तिथं एक चष्म्याची मुलगी दिवसभर कॉम्प्युटरवर नुसते आकडे बघायची. तिनं तीन दिवस जुळवून सांगितलं की फरक आहे, पण प्रत्येक ठिकाणी आणि प्रत्येक महिन्यात तोच दोनशे ग्रॅम, एक ग्रॅम इकडे तिकडे नाही. मनानं आकडे लिहिणारा माणूस असं करत नाही. शिवाय या बाईचे फॉर्म सगळ्यांत खरे दिसतात, बाकीच्यांचे सगळे आकडे पूर्ण किलोवर नाहीतर अर्ध्या किलोवर थांबतात, हिचे थांबत नाहीत. म्हणजे एकोणीस वर्षांचे कागद वाचले. संस्थेला फार आनंद झाला. कागद ठेवले आणि आत्याला काढलं.

पत्रात लिहिलं होतं, आपल्या वर्तनामुळे माहितीच्या विश्वासार्हतेस बाधा पोचली. आणि पुढच्याच ओळीत, आपण गोळा केलेल्या विश्वासार्ह माहितीबद्दल संस्था आभारी आहे. एकाच कागदावर. त्या दोन ओळी लिहिणारा माणूस एकच होता की दोन, आम्हाला कळलं नाही.

वस्तीत व्हायचं ते झालं. दहा सासवांना कळलं. दोन सुनांनी आत्याला रस्त्यात बघून तोंड फिरवलं. एक समोर येऊन म्हणाली, काकू, तुमचं एक बाळ वाचलं आणि माझा महिना टोमण्यात गेला. आत्या म्हणाली, खरं आहे. दुसरं काय म्हणणार? तीनचार सासवांनी मात्र आपणहून आत्याच्या जागी आलेल्या नव्या मुलीला सांगितलं की आकडा आम्ही वाचणार, तू नुसतं बाळ ठेव. त्यातल्या दोघींना वाचता येत नव्हतं, त्या शाळेतल्या नातवाला शेजारी बसवायला लागल्या. संस्थेनं हे बघितलं आणि आपल्या अहवालात टाकलं, कुटुंबाचा सहभाग वाढला, आमच्या कार्डांमुळे. फाइलसाहेबाला बढती मिळाली.

शिवणवाली एकदा घरी आली होती. म्हणाली, सासूबाई बदलल्या नाहीत हो काकू. आधी म्हणायच्या किती खातेस, आता समोर बसून घास मोजतात आणि म्हणतात अजून एक खा, डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. नरडं दुखतं माझं. आत्या म्हणाली, दुखू दे.

पुढं दोन महिन्यांनी त्या चष्म्याच्या मुलीचा आत्याला फोन आला. बिचारी चांगली होती, माफी मागायला केला होता. बोलता बोलता आत्यानं विचारलं, शिवणवालीची पोरगी आता किती आहे? मुलगी म्हणाली, काकू, ती आता अभ्यासात नाही. दवाखान्यात उपचार झाले की नियमानं वगळतात, तिचे आकडे इतरांत मिसळत नाहीत. आत्यानं विचारलं, म्हणजे तुम्ही तिला मोजत नाही? नाही, मुलगी म्हणाली. कुणीच नाही? कुणीच नाही.

म्हणजे बघा, एवढ्या मोठ्या अभ्यासात वस्तीतल्या सगळ्या सुकलेल्या पोरांची नोंद आणि जी वाचली तीच बाहेर.

आत्यानं फोन ठेवला, चप्पल घातली आणि सरळ शिवणवालीकडे गेली. हेडमास्तरीण म्हणाली, आता कशाला आलीस, तुझा काटा तर काढून घेतला. आत्या म्हणाली, पोरगी मोजायची आहे. कशानं मोजणार? मग हेडमास्तरणीनं पोरगी कडेवर घेतली, शिवणवालीनं मशीन बंद केलं, आणि तिघी नाक्यावरच्या वाण्याच्या दुकानात गेल्या.

वाण्याकडे मोठा काटा होता. तो म्हणाला, आजी, यावर माल मोजतात, माणसं नाही. हेडमास्तरीण म्हणाली, मग आज माणूस मोज, तुझा काटा बाटत नाही. वाण्यानं वरचा गूळ बाजूला केला. आत्यानं कापड मागून घेतलं आणि काटा पुसला. पोरगी लोकरीचा स्वेटर, टोपडं, पायमोजे सगळं घालून आली होती. आत्या स्वेटरचं बटण काढायला लागली तर हेडमास्तरणीनं हात धरला.

"राहू दे ना. तेवढंच जास्त दिसेल."

"काढा," आत्या म्हणाली.

दुकानात चार गिऱ्हाईकं थांबली होती. हेडमास्तरणीनं आधी स्वेटर काढला, मग टोपडं, मग कुरकुरत एकेक पायमोजा. पोरगीनं काट्यावर बसून वाण्याचं दुकान डोक्यावर घेतलं, हातपाय झाडले, आकडा थांबेना. सगळे थांबले. वाण्यानं एक कागदी पिशवी चुरगाळून तिच्या हातात दिली तेव्हा ती गप्प झाली आणि आकडा स्थिर झाला. हेडमास्तरीण वाकली आणि मोठ्यानं वाचलं, सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं. सहा किलो सातशे.

मग आत्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच," आत्या म्हणाली, आणि पोरगीला स्वेटर घालायला घेतला.